मोठ्या खेळांचा ताळेबंद

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने १० सप्टेंबर २०२० रोजी 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या आपल्या गाजलेल्या व्हिडिओ गेमची नवी आवृत्ती काढण्याचे जाहीर केले आणि ती घडविण्याची मुख्य जबाबदारी पुण्याच्या व तिच्या जोडीस मुंबईच्या शाखेकडे दिल्याचे सांगितले, तेव्हा या व्यवसायातील इकडच्या तरुणांना झालेला आनंद सकारण होता, कारण तोवर परक्या खेळांचे सुटे भाग घडवून पाठविणाऱ्या हातांना एक अवघा मोठा खेळ प्रथमच आपल्या अखत्यारीत मिळाला होता. खेळ बाजारात येण्याची तारीख २१ जानेवारी २०२१ अशी ठरली. परंतु पहिली झलक प्रसिद्ध होताच चित्रांच्या दर्जावरून जगभर टवाळी झाली, तारीख १८ मार्चवर गेली, फेब्रुवारीत ती बेमुदत लांबली, आणि मे २०२२ मध्ये हे काम पुण्याकडून काढून, २००३ चा मूळ खेळ जिने केला होता त्या मॉन्ट्रियलच्या शाखेकडे सोपविण्यात आले. तेथे ते साडेतीन वर्षांहून अधिक काळ चालले, मध्यंतरी २०२६ चा वायदाही झाला, आणि पहिल्या ठरलेल्या तारखेस बरोबर पाच वर्षे पूर्ण होत असता, २१ जानेवारी २०२६ रोजी, आणखी पाच खेळांसह तो रद्द केल्याचे कंपनीने जाहीर केले.

पुण्याहून काम काढून घेतले गेले त्या वेळी बहुतेकांनी मनाशी जो निवाडा केला, तो असा की हे काम आपल्या लोकांच्या कुवतीबाहेरचे होते. पुढील हकीकत पाहता तो निवाडा फेरविचारास आणला पाहिजे. झलकेत उणिवा होत्या हे खरेच. पण जो खेळ मॉन्ट्रियलसारख्या जुन्या, अनुभवी, मनुष्यबळाने संपन्न अशा शाखेच्याही हातून तडीस गेला नाही, त्याच्या अपयशाचे खापर पहिल्या कारागिरांच्याच माथी फोडणे न्यायाचे होणार नाही. दोष कारागिरीत शोधण्यापूर्वी तो हिशेबाच्या वहीत शोधावा, असे माझे मत आहे. आणि गेल्या तीन-चार वर्षांत या धंद्यात जगभर जी नोकरकपात झाली, तिचाही उगम त्याच वहीत सापडतो.

मूळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ मध्ये निघाला, तो जॉर्डन मेकनर या एका तरुणाने जवळजवळ एकहाती केला होता. आपल्या धाकट्या भावाला धावावयास व उड्या मारावयास लावून त्याचे चित्रीकरण करावे, त्यातील एकेक चौकट उतरवून घ्यावी आणि त्यावरून पडद्यावरचा राजपुत्र हलवावा, असा त्याचा उद्योग कित्येक वर्षे चालला होता. त्यात वेळ गेला तो त्याचा, जोखीम होती तीही प्रामुख्याने त्याचीच. २००३ पर्यंत तेच काम एका मोठ्या चमूचे झाले. आज ज्यास या धंद्यात 'ट्रिपल-ए' म्हणतात, त्या श्रेणीचा खेळ चार-सहा वर्षांचा काळ आणि शेकडो माणसे यांखेरीज उभाच राहत नाही. कंपन्या आपले खर्चाचे आकडे सहसा बाहेर पडू देत नाहीत. परंतु २०२३ मध्ये अमेरिकेतील एका खटल्यात सोनीने शाई फासून दाखल केलेली कागदपत्रे नीट झाकली न गेल्यामुळे वाचता आली, आणि 'द लास्ट ऑफ अस : भाग २' या खेळास २२ कोटी डॉलर, तर 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' यास २१ कोटी २० लाख डॉलर लागल्याचे जगास कळले. दुसऱ्या एका दाव्यातील कागदांवरून 'कॉल ऑफ ड्यूटी' मालिकेतील २०२० च्या एकाच खेळावर, तो बाजारात आल्यानंतरचे काम धरून, ७० कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाल्याचे उघड झाले.

हा पैसा जातो कोठे, असे कोणी विचारील. यंत्रांवर त्यातला थोडाच जातो. बहुतेक सगळा माणसांच्या पगारावर जातो. उदाहरणार्थ, राजवाड्यातील एक कमान घ्या. तिचे रेखाचित्र ठरते, मग कोणी तिचा त्रिमिती आकार घडवितो, दुसरा त्यावर दगडाचा पोत चढवितो, तिसरा झिजलेल्या कडा आणि ओल चढलेला पाया दाखवितो. जवळून पाहावयाची एक, लांबून पाहावयाची दुसरी आणि क्षितिजावर ठिपक्याएवढी दिसणारी तिसरी, अशा त्याच कमानीच्या तीन-चार प्रती यंत्रावरचा भार हलका राखण्यासाठी कराव्या लागतात. खेळगडी तिला धडकला तर आरपार जाऊ नये म्हणून एक अदृश्य कवच बसवावे लागते. आणि हे सर्व झाल्यावर 'क्यूए'मधील तपासनीस तासन्‌तास तिच्याभोवती उड्या मारून एखाद्या कोपऱ्यात राजपुत्र अडकतो काय हे पाहत बसतो. पुण्यात संध्याकाळी पाठविलेल्या कमानीवर मॉन्ट्रियलचा साहेब आपल्या सकाळी शेरा मारतो, आणि पुण्याच्या मुलास तो दुसऱ्या दिवशी कळतो. मग एके दिवशी कथेतील तो प्रसंगच वगळला गेला की कमान रद्द होते. पडद्याचे रिझोल्यूशन जसजसे वाढले, तसतशी कमानीवरील प्रत्येक चीर दिसू लागली आणि ती काढणारा माणूस ताळेबंदात चढला; पण गिऱ्हाइकाने खेळासाठी मोजावयाची रक्कम मात्र दीर्घकाळ ६० डॉलरांवर खिळून राहिली आणि २०२० च्या सुमारास कशीबशी ७० झाली.

आता हिशेब मांडून पाहू. ७० डॉलरांचा खेळ विकला गेला की ऑनलाइन दुकानाचा मालक साधारणतः ३० टक्के कापून घेतो. प्रकाशकाच्या पदरी ४९ डॉलर पडतात. २१ कोटी २० लाखांचा खर्च नुसता भरून यावयाचा तर सुमारे ४३ लाख प्रती पूर्ण किमतीस खपल्या पाहिजेत, आणि यात जाहिरातीचा छदामही धरलेला नाही. (सोनीचे दुकान स्वतःचेच असल्याने तिला हा कट स्वतःलाच मिळतो, ज्या प्रकाशकांना ही सोय नाही त्यांची गत याहून बिकट.) शिवाय सवलतीचा हंगाम लागला की किंमत निम्म्यावर येते, म्हणून खरी कमाई पहिल्या काही आठवड्यांतच व्हावी लागते. पाच वर्षे शेकडो माणसांना दरमहा पगार द्यावयाचा आणि त्याची परतफेड होणार की नाही हे एका पंधरवड्यात ठरावयाचे, अशी या धंद्याची रचना झाली आहे. सोनीच्याच 'कॉन्कॉर्ड' या खेळाचे उदाहरण यापुढे सांगितले जाईल : २३ ऑगस्ट २०२४ रोजी तो बाजारात आला, ६ सप्टेंबरला परत घेतला गेला, गिऱ्हाइकांना पैसे परत मिळाले, आणि ऑक्टोबरात तो घडविणारी फायरवॉक ही संस्थाच बंद झाली.

अशा रचनेत माणसे टिकतात ती भांडवल स्वस्त असेतोवर. महामारीच्या दोन वर्षांत लोक घरी कोंडले गेले, खेळांचा खप अफाट वाढला, आणि अमेरिकेत व्याजाचा दर शून्याच्या आसपास असल्यामुळे कर्ज काढून संस्था विकत घेण्याची एक लाटच उसळली. स्वीडनच्या एम्ब्रेसर या मंडळीने किती संस्था खरेदी केल्या याची मोजदाद करणेही कठीण व्हावे, अशी तिची भूक होती. परंतु ज्या दोन अब्ज डॉलरांच्या करारावर तिने पुढील तजवीज बांधली होती, तो मे २०२३ मध्ये फिसकटला आणि ऑगस्टात व्होलिशन ही तीस वर्षांची जुनी संस्था एका दिवसात बंद पडली. जुलै २०२३ पर्यंत अमेरिकी व्याजदर सव्वापाच टक्क्यांच्या वर गेले होते, लोक घराबाहेर पडले होते, आणि वाढीव खप कायमचा समजून केलेली भरती अंगाशी येऊ लागली होती. सप्टेंबरात एपिकने ८३० माणसे काढली. जानेवारी २०२४ मध्ये युनिटीने सुमारे १,८०० आणि मायक्रोसॉफ्टने १,९०० काढली. फेब्रुवारीत सोनीने ९०० काढून लंडनची आपली जुनी शाखा बंद करण्याचे ठरविले. या कपातींची नोंद ठेवणाऱ्यांच्या अंदाजाने २०२३ मध्ये दहा हजारांवर, आणि २०२४ मध्ये त्याहूनही अधिक नोकऱ्या गेल्या.

यांतील मायक्रोसॉफ्टचा मामला विशेष विचारात घेण्याजोगा आहे. कारण तेथे पैशाची टंचाई होती असे कोणीही म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही कंपनी ६८.७ अब्ज डॉलर मोजून घेतली आणि पुरते चार महिने लोटण्यापूर्वीच त्या विभागातील माणसांना निरोपाची पत्रे धाडली. मे २०२४ मध्ये तिने बंद केलेल्या शाखांत तोक्योची टँगो गेमवर्क्स ही होती, जिचा 'हाय-फाय रश' हा खेळ वर्षभरापूर्वीच वाखाणला गेला होता. चांगले काम करावे म्हणजे नोकरी राहते, हा मध्यमवर्गीय विश्वास या प्रकरणापुढे टिकत नाही. व्यवस्थापकांची बाजूही येथे सांगितली पाहिजे, आणि ती अगदीच निराधार नाही : खेळाच्या आरंभी थोडी, मध्यास पुष्कळ आणि शेवटी पुन्हा थोडी माणसे लागतात, तेव्हा सर्वांना बारमाही कसे पोसावे, असे ते विचारतात. चित्रपटधंद्यातही हेच चालते. मात्र हॉलिवूडमध्ये प्रत्येक कसबाची संघटना आहे, किमान दर ठरलेले आहेत, श्रेयनामावलीचे नियम आहेत. खेळांच्या धंद्याने चित्रपटांची अस्थिरता उचलली आणि तिच्यावरचा उतारा मागेच ठेवला.

आता पुन्हा युबिसॉफ्टकडे वळू. ब्रिटनी प्रांतातील पाच गिमो बंधूंनी १९८६ मध्ये काढलेली ही कंपनी स्वस्त व कुशल मनुष्यबळाच्या शोधात जगभर पसरली, आणि २००८ मध्ये गेमलॉफ्टची पुण्यातील शाखा घेऊन ती महाराष्ट्रात आली. २०१८ मध्ये मुंबईची शाखा निघाली. एका काळी तिच्या पदरी वीस हजारांवर माणसे होती. जानेवारी २०२३ मध्ये तिने अघोषित असे तीन खेळ रद्द करून दोन वर्षांत २० कोटी युरोंची काटकसर करण्याचे ठरविले. त्या वेळी प्रमुखांनी नोकरांस धाडलेल्या पत्रात 'चेंडू तुमच्या कोर्टात आहे' अशा अर्थाचे वाक्य आले, त्यावरून पॅरिसमध्ये संपाची हाक दिली गेली. डिसेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को व ओसाका येथील शाखा बंद झाल्या. २०१८ मध्ये शंभर युरोंच्या घरात गेलेला तिचा समभाग २०२५ अखेर दहाच्याही खाली उतरला होता. मार्च २०२५ मध्ये चीनच्या टेन्सेंटने १.१६ अब्ज युरो घालून तिच्या सर्वाधिक कमावत्या मालिका ज्यात ठेवल्या त्या उपकंपनीचा चौथा हिस्सा घेण्याचा करार केला. जानेवारी २०२६ मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्सची शाखा बंद झाली, तिच्या कामगारांनी संघटना स्थापन केल्यास महिनाही झाला नव्हता. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही, असा कंपनीचा खुलासा आहे, तो ज्याने त्याने आपल्या मगदुराप्रमाणे स्वीकारावा.

पुण्याचे या व्यवस्थेतील स्थान समजण्यास आमच्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील एक व्यवहार उपयोगी पडेल. भीमाशंकराच्या वाटेवर तळेघर आणि भोवतालच्या वाड्यांतील माणसे भर उन्हाळ्यात बाळहिरडा वेचतात, वाळवितात आणि विकतात. झाडावर चढण्याची जोखीम त्यांची, ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळासारख्या आपत्तीत झाडे मोडली तर तोटा त्यांचा, परंतु भाव मात्र हिरडा ज्याने कधी झाडावर पाहिलेला नाही अशा दूरच्या पेढीवर ठरतो. पुण्याची गेमिंगची कचेरी वातानुकूलित आहे आणि पगार हिरड्याच्या पैशाहून पुष्कळ बरा आहे, हे मान्य करूनही भाव ठरविण्याच्या अधिकाराचा विचार केला तर दोघे एकाच पायरीवर बसलेले दिसतात. कंत्राटी कामाचे पैसे 'माइलस्टोन'गणिक मिळतात. खेळ रद्द झाला की पुढचा हप्ता थांबतो. आणि ज्याचा 'प्रोजेक्ट' गेला तो 'बेंच'वर बसून दुसऱ्या कामाची वाट पाहतो, तोवर मनुष्यबळ विभागाकडून बोलावणे आले नाही तर नशीब. पुण्यातच २००७ पासून शाखा असलेली ब्रिटनची सुमो ही संस्था दुसऱ्यांसाठी खेळ घडवून देण्यात अग्रेसर. तीही टेन्सेंटच्या मालकीची झाली, आणि जून २०२४ मध्ये तिने आपल्या एकंदर माणसांपैकी १५ टक्क्यांपर्यंत कपात जाहीर केली.

मालकी इकडे आली असती तर निराळे झाले असते काय? मुंबईत विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये काढलेली इंडियागेम्स २००७ मध्ये यूटीव्हीकडे आणि पुढे यूटीव्हीसह डिस्नेकडे गेली. यूटीव्हीने तर ब्रिटनची इग्निशन ही संस्था घेऊन जपानात 'एल शद्दाई' (२०११) हा मोठा खेळ घडविला. म्हणजे काही काळ मुंबईचे भांडवल मालक आणि तोक्योचे कारागीर चाकर, असा उलटा देखावाही दिसला. काही वर्षांत तो विस्तार आवरता घेण्यात आला. मालक कोणत्या गावचा यावर कारागिराचे भवितव्य फारसे अवलंबून नसते, एवढे त्यावरून म्हणता येते.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. 'गेमिंग कंपन्यांत नोकरकपात' असे मथळे ऑगस्ट २०२५ नंतर आपल्या वृत्तपत्रांत झळकले, ते पैसे लावून खेळावयाच्या ॲपांविषयी होते. संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, पैशांच्या खेळांवर बंदी आली आणि मुंबईच्या ड्रीम ११ ला आपल्या सशुल्क स्पर्धा बंद कराव्या लागल्या. तेथे धंदाच बेकायदा ठरला. आपण ज्याविषयी बोलत आहोत तेथे धंदा पूर्ण कायदेशीर आहे, माल खपतो आहे, आणि तरीही माणसे निघत आहेत. दोहोंची गल्लत झाल्याने लोकांची सहानुभूतीही चुकीच्या पत्त्यावर जाते.

काढलेल्या माणसास कायदा काय देतो? १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने कामगारास एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक वर्षाच्या सेवेबद्दल पंधरा दिवसांचे वेतन देवविले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती तरतूद आहे, व पुनःप्रशिक्षणासाठी आणखी पंधरा दिवसांच्या वेतनाची भर आहे. परंतु चित्रकार, कथालेखक, खेळाची रचना करणारा हे 'कामगार' ठरतात की नाहीत, हा मूळचा प्रश्न कज्जेदलालीस मोकळा राहतो. आणि तो न्यायालयापर्यंत जाण्याची वेळच सहसा येत नाही, कारण पुण्याच्या कचेऱ्यांत माणसास काढले जात नाही, त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला जातो. राजीनामा दिला तर अनुभवपत्र आणि 'फुल अँड फायनल' वेळेवर मिळेल, अन्यथा पुढील नोकरीत विचारणा होईल, अशी सौम्य भाषा असते. ज्याच्या डोक्यावर सदनिकेचा हप्ता आहे तो सही करतो. सरकारी दफ्तरात ती कपात कपात म्हणून नोंदलीच जात नाही. मुंबईच्या गिरणीत काम करणारा बाबू गेनू महाळुंगे पडवळचा, म्हणजे आमच्याच तालुक्याचा. तेथील गिरणी कामगारास युनियन होती आणि १९८२ चा संप हरला तरी तो कोणाविरुद्ध होता हे प्रत्येकास ठाऊक होते. आजच्या मुलास आपला मालक पॅरिसला आहे की शेन्झेनला, हेच धड सांगता येत नाही. पुण्यात माहिती-तंत्रज्ञान नोकरांची नाईट्स ही संघटना तक्रारी घेऊन श्रम खात्याकडे जाते, हे चांगलेच आहे. पण खेळ घडविणाऱ्यांना आपण कामगार आहोत हे म्हणवून घेण्याचीच अजून लाज वाटते.

लहान खेळ काढा, हा उपाय अलीकडे पुष्कळ जण सुचवितात. फ्रान्समध्ये युबिसॉफ्ट सोडून बाहेर पडलेल्या एका तरुणाने जेमतेम तीसेक माणसांचा गाभा जमवून २०२५ मध्ये 'एक्सपेडिशन ३३' हा खेळ काढला आणि तो दिग्गजांवर मात करून गेला. पुण्यातच नॉडिंग हेड्स या छोट्या मंडळीने 'राजी' हा भारतीय पुराणकथांवरचा खेळ २०२० मध्ये पुरा केला. तोही लोकवर्गणीचा २०१७ चा प्रयत्न उद्दिष्टास न पोचल्यानंतर. दोन्ही गोष्टी अभिमानाच्या आहेत. तथापि काढलेल्या हजारो माणसांना तीस-तीसच्या चमूंत सामावून घेता येईल, हे म्हणणे भाबडे आहे; आणि अशा चमूंपैकी जे मधेच बुडतात त्यांची नावेही आपल्या कानी येत नाहीत.

महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, दृश्यपरिणाम व गेमिंग यांसाठी धोरण मंजूर केले असून २०५० पर्यंत त्यावर ३,२६८ कोटी रुपये खर्चण्याचा संकल्प आहे, आणि दोन लाख नोकऱ्यांची आशा दाखविली आहे. या पैशातून ज्यांना जागा, वीज व करांत सवलती मिळतील, त्या प्रत्येक कंपनीच्या करारात शासनाने तीन अटी घालाव्यात, अशी माझी सूचना आहे. प्रकल्प रद्द झाल्यास त्यावरील प्रत्येकास, मग तो कायम असो वा कंत्राटी, किमान तीन महिन्यांचे वेतन द्यावे. राजीनामा लिहून घेतलेली प्रकरणेही कपात म्हणून श्रम आयुक्तांकडे कळवावीत. आणि खेळ बाजारात येण्यापूर्वी ज्याला जावे लागले त्याचेही नाव श्रेयनामावलीत राहावे, कारण पाच वर्षांच्या कामाचा पुढील नोकरीसाठी त्याच्यापाशी तेवढाच पुरावा असतो. घोडेगाव-मंचरहून पुण्याच्या ॲनिमेशन वर्गांत मुलांना धाडणाऱ्या पालकांनीही फी भरण्यापूर्वी शिकवणाऱ्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा : गेल्या तीन वर्षांत येथून नोकरीस लागलेल्यांपैकी आज किती जण नोकरीत आहेत?